आईला प्रबंधातून काढलं तेव्हा

सुनीता गेली तेव्हा तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कुणालाही कळणार नाही इतकं भारदस्त झालं होतं.

डेंग्यू. प्लेटलेट्स. बीडचं हॉस्पिटल. बाकी तुम्हाला माहीत आहे.

आज दहावा झाला. चौकात पुढाऱ्यांनी फ्लेक्स लावलाय, तिच्या नावाआधी डॉ. लिहून. पदवी मिळालीच नव्हती. पण विचारतंय कोण?

सुनीता आमच्या नांदूरघाटची. आईवडील ऊसतोडीला जाणारे. ती इतिहासात पीएचडी करत होती, विषय ऊस तोडणाऱ्या बायका. मी त्याच कॉलेजात, राज्यशास्त्राला.

तिची एक पद्धत होती. एक प्रकरण लिहून झालं की, ऊसतोडीच्या टोळ्या गावात असताना, ओट्यावर बायका जमवायची. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांनाच वाचून दाखवायची.

बायका जांभया द्यायला लागल्या की ते पान गेलं.

कुणी "आगं, तसं न्हाई ते" म्हटलं की पुन्हा लिहायला बसायची.

मी चिडवायचो, हा रिसर्च आहे का कीर्तन?

"तुझं वाच की एकदा. कुत्रंबी थांबायचं न्हाई."

खरंच होतं ते. माझा प्रबंध मलाच वाचवत नाही.

शेवटचं प्रकरण गर्भपिशवी काढलेल्या बायकांवर होतं. त्यात तिची आईही होती. तिने साधं लिहिलं होतं. पाळीत खाडा पडतो, खाड्याचे पैसे मुकादम कापतो, म्हणून माझ्या आईने पिशवी काढली. टाके ओले होते तेव्हा ती उसाच्या फडात उभी होती.

मला दाखवलं. मी दोनदा वाचलं.

कमिटीतले सर मात्र म्हणाले, "ही बातमी झाली. संशोधनाची भाषा कुठाय? आणि 'माझी आई' काय? ऑब्जेक्टिव्हिटी नको?"

पुन्हा लिहून नेलं, पुन्हा परत. इकडे रजिस्ट्रेशनची मुदत संपत आलेली.

मग तिने लिहिलं : "श्रमिक स्त्रीच्या प्रजननक्षम देहाचे हंगामी उत्पादनव्यवस्थेतील नियमन."

सर खूश. "आता कसं!"

कँटीनमध्ये चहा तसाच ठेवून ती म्हणाली, "आईला काढलं रे मी त्यातनं."

तेवढं एकच प्रकरण तिने ओट्यावर वाचलं नाही. आज वाचू, उद्या वाचू करत राहिली. मग ताप आला.

आज विधी उरकल्यावर बायका बसून होत्या. काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, तिचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"शेवटलं वाचायचं राहिलंय म्हणाली होती. माझ्यावरचं हाय. तू वाच."

वाचायला लागलो. नियमन. देहसत्ता. संरचनात्मक अपरिहार्यता. बायका मान खाली घालून ऐकत होत्या. जांभई कुणीच दिली नाही, दहाव्याला कोण देईल?

मध्येच मी थांबलो.

"कावून थांबलास?" काकूंनी विचारलं.

पुन्हा वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. काकूंचं नाव कुठेच आलं नाही.

काकूंनी डोळे पुसले, पदर नीट केला, सरसावून बसल्या.

"बरं. हे सायबाचं झालं. आता सुनीचं वाच."

पुढे काहीच नव्हतं, आधीचं साधं लिहिलेलंही नाही. मी नुसताच स्क्रीनकडे बघत बसलो आणि सगळ्या बायका माझ्याकडे.

जा सुनीता. लई सोसलंस.
याहून जड शब्द तुझ्यासाठी मी वापरणार नाही.