दारावरचे ओरखडे

गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म लावायची की सिरॅमिक कोटिंग करायचं, हे ठरवायला बाबा मला सोबत घेऊन गेले. घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच.

"सिरॅमिकच करा काका, काचेसारखी चमकेल," दुकानातला माणूस म्हणाला. "आधी पॉलिशने हे ओरखडे घालवतो."

डाव्या दाराच्या मुठीमागचे ते ओरखडे आईच्या बांगड्यांचे होते. ती दार उघडायची, बांगड्या घासायच्या आणि बाबा चिडायचे. ती गेल्यापासून ते तिथे फडकंही हलकेच फिरवतात.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गेलेल्या माणसाचं नेमकं काय जपायचं असतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"फिल्म लाव," शेवटी तेच म्हणाले, "पण तिथे पॉलिश नको."

आता फिल्मखालून ओरखडे दिसतात. बोट फिरवलं, तर मात्र लागत नाहीत.