पापाचा भागाकार

आमची थोरली जाऊ भिवराबाई लय चिवट बाई. एकदा मनावर घेतलं की म्हसरू आडवं आलं तरी सरकायची न्हाई. मी बानूबाई, तिची धाकटी जाऊ, तिला अक्का म्हणायची. उभा जन्म तिच्याशी भांडले, तवा तिची गोष्ट सांगायचा हक्क माझाच.

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. जिंतूरच्या अंगाला आमचं गाव, घर मेंढरं राखणाऱ्याचं. हैदराबादच्या विद्यापीठात शिकणारी पोरं उन्हाळ्याच्या सुटीत खेडोपाडी हिसाब आन् इज्ञान शिकवायला यायची. आमच्याकडं आला परभणीचा बन्सीधर. त्यानं मारुतीच्या पारावर फळा टेकवला आन् म्हणला, "बायांनीबी यावं." पारावर बाया कशाला जात्यात! पण अक्का गेली. मेंढरं मोजून मोजून तिला आकड्याचं याड लागलेलं. बेरीज, वजाबाकी पटापटा शिकली, आन् घरी येऊन चुलीपुढं राखेत आकडे काढायची. भाकर करपली की सासूबाईची बोलणी मला!

एक दिवस बन्सीधरनं बारवेचं, आमच्या पायऱ्यांच्या हिरीचं, पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आन् वर भिंग धरलं. आता गं बया! आत बारीक बारीक किडे उड्या मारायलेत. "नारू ह्यांच्यातूनच पोटात जातो," तो म्हणला.

नारू आमच्याकडं घरोघर. पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यावानी किडा निघायचा, तो काडीला गुंडाळत बसायचं. अक्काचा नवरा ग्यानबा त्या साली ऐन पेरणीत ओट्यावर पडून होता, मेंढरामागं जायचीबी ताकद न्हाई. बन्सीधरनं सांगितलं, फोडाचा पाय बारवेत घालू नका, पाणी जुन्या लुगड्याच्या दुहेरी धडप्यातून गाळून प्या, सालभरानं गुण दिसंल. जाताना भिंग त्यानं अक्कालाच दिलं. माणिकराव पाटील म्हणले, "बघू. नारू हटला न्हाई, तर हा फळा परत पारावर दिसायचा न्हाई."

घरोघर बाया पाणी गाळायला लागल्या. साल सरलं, आन् नारू जसाच्या तसा! ग्यानबा पुन्हा ओट्यावर. पाटलानं बन्सीधरची गाडी येशीवरूनच माघारी लावली. मीबी अक्काला म्हणले, "हात दाखवून अवलक्षण केलंस बघ." एरवी ती दुप्पट बोलली असती. त्या दिशी नुसती रडली. "बानू, माझा भागाकार अर्धा ऱ्हायलाय गं. आता फळा पुन्हा कधी दिसायचा?"

दुसऱ्या दिशी ती भिंग घेऊन बारवेच्या पायरीवर जाऊन बसली. कोण कसं पाणी भरतंय ते बघत. आमच्या सासूबाई, बायनाबाई, आल्या. घागरीच्या तोंडाला धडपा बांधून पाणी गाळलं. मंग धडपा सोडून, उलटा करून, हळूच बारवेत खळबळला.

"आत्या, हे काय करायलाव?"

"अगं, मुके जीव ते. त्यांच्या घरी सोडायलेय. वाळून मेले तर पाप कुणाच्या माथी?"

आन् तोच उलटा धडपा त्यांनी दुसऱ्या घागरीवर बांधला. अक्कानं त्याला भिंग लावलं. चिकटून ऱ्हायलेले किडे वळवळायलेत, ते पाण्याबरुबर सगळे घागरीत! समद्या बाया असंच करायच्या. दयाच आमच्या मुळावर आली, बघा.

अक्का म्हणली, "धडपा तापल्या दगडावर वाळवायचा. किडे मरू द्या."

"आन् पाप?"

"माझ्या माथी. समद्यांचे धडपे माझ्याकडं आणून टाका."

पाटलापुढं पदर पसरून तिनं आणखी एक साल मागून घेतलं. रोज सकाळी बाया बारवेवर धडपे तिच्याकडं टाकायच्या, आन् ती दगडावर पसरायची. किडे मारती म्हणून कुणी तिच्या हळदी-कुंकवालाबी यायचं न्हाई. सासूबाईनं तर तिच्या हातची भाकर सोडली. मी थापलेलीच खायच्या. अक्का वरून हसायची, पण तिच्या ताटातली भाकर तशीच उरायची, ते मी बघत होते.

पुढच्या पेरणीला ग्यानबा मेंढरं हाकत रानात गेला, दोन्ही पायांवर. गावात काडीला किडा गुंडाळणारं माणूस दिसंना. पाटलानं स्वता गाडी धाडून बन्सीधरला आणवलं, आन् फळा पारावर टेकवला. त्या दिशी साऱ्या बाया आल्या. मधीच सासूबाई उठल्या.

"मास्तर, एकीनं घेतलेलं पाप समद्यांनी वाटून घ्यायचं, तर हिसाब कसा करायचा?"

बन्सीधरच्या पुस्तकात असलं गणित कुठलं! अक्का उठली, तिनं खडू घेतला.

"भागायचं, आत्या. जितक्या बाया, तितक्यांनी."

"मंग मांड. पहिलं नाव माझं घाल."

एकेक बाई उठायला लागली. माझं नाव घाल, माझंबी घाल. मी तर ओरडलेच, "आन् माझं काय इसरतीस व्हय गं?" अक्का एकेक नाव मांडत गेली, आकडे वाकडे यायलेत, डोळ्याला धार.

सासूबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. "रडतीस काय? हिसाब नीट कर. आन् बिगी बिगी घरी चल, आज भाकर तुझ्या हातची खायचीय."