भारद्वाजाचे तांबूस पंख

बाबांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि घरी आम्हाला छळलं. पक्ष्याचा रंग नुसता 'तांबूस' म्हणून भागत नसे. तांबूस म्हणजे कसा? विटेसारखा, गेरूसारखा, की काताच्या पाण्यासारखा? नेमकं सांगेपर्यंत सुटका नसे.

अलीकडे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशनचा विषय काढला की ते उसनं अवसान आणून म्हणत, मला सगळं स्वच्छ दिसतं. खरं तर ते घाबरले होते. कल्याणच्या डॉक्टरांकडे घेतलेली वेळ त्यांनी दोनदा रद्द करायला लावली. मी चिडायचे. आई मात्र चकार शब्द काढत नसे, त्यामुळे मी तिच्यावरही चिडायचे.

कोपरला आमच्या बिल्डिंगच्या मागे खाडीकडची झुडपं आहेत. एका सकाळी तिथल्या कंपाउंडच्या भिंतीवर भारद्वाज येऊन बसला. आईने लगेच सगळ्यांना हाका मारल्या. भारद्वाज दिसला की मनातलं काम होतं, अशी तिची पक्की समजूत. बाबांच्या लेखी सगळी भाकडकथा. पक्षी बघायला मात्र ते आलेच. मी मुद्दाम विचारलं, "पंख कसे तांबूस आहेत, सांगा बघू."

खिडकीच्या गजांना नाक लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"मातकट," ते म्हणाले.

भारद्वाजाचे पंख मातकट नसतात, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. दुपारी जेवताना त्यांनी आपणहून डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. आईने सगळं श्रेय भारद्वाजाला देऊन टाकलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं अगदी ओठांवर आलं होतं; पण गिळलं.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून आम्ही घरी आलो. आईने चहा आणून दिला, तर बाबा कप तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. डावा डोळा झाकून बघितलं, मग उजव्याला हात न लावता नुसताच मिटून बघितलं.

"तुझे केस तांबूस कधी झाले?"

"मेंदी लावते मी. दोन वर्षं झाली."

"मला काळेच वाटायचे."

"ठाऊक आहे. मागे एकदा तुम्ही काळे म्हणालात, तेव्हाच मला कळलं, तुम्हाला नीट दिसत नाहीये."

"मग बोलली का नाहीस?"

आईने पदराने हात पुसले.

"मी पण घाबरले होते," ती म्हणाली.