सरकारी चौकडा

डोलिना मॅकमास्टरचं चित्र आयुष्यात एकदाच काढलं गेलं, आणि तेही भलत्याच कपड्यांत.

ही गोष्ट एकोणीसशे छत्तीसच्या मे महिन्यातली. डोलिना तेव्हा सतरा वर्षांची होती आणि ग्लासगोच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, फिअर्नाच्या दरीतल्या शिकारबंगल्यावर स्वयंपाकघरात हाताखाली कामाला होती. त्या वर्षी बंगला ऑब्री पेलम नावाच्या लंडनच्या चित्रकाराने भाड्याने घेतला होता. त्याला राजपुत्राचा निरोप काढायचा होता: एकशे नव्वद वर्षांपूर्वी लंडनच्या राजाविरुद्ध उठून लढाई हरलेला राजपुत्र चार्ली होडीत पाय टाकतोय, फ्रान्सला निघालाय, आणि काठावर एक अनवाणी पोरगी गुडघे टेकून त्याचा हात डोळ्यांना लावतेय. राजपुत्र म्हणून त्याने ग्लासगोहून एक नट बोलावला. पोरगी शोधावी लागली नाही, ती बटाटे सोलत बसली होती.

अकरा दिवस तिला सरोवराच्या काठावर, घोटाभर पाण्यात गुडघे टेकून बसवलं. मे महिन्यात त्या पाण्यात पाय घालायची बुद्धी दरीतल्या कुत्र्यालाही होत नाही. तिचे पाय निळे पडत. पेलमसाहेबांनी ते गुलाबी रंगवले. रडणं नीट जमत नव्हतं म्हणून तिला कांदा दिला. आणि बंगल्यातल्या पेटीतून एक लोकरी शाल काढून तिच्या डोक्यावरून घेतली, गडद हिरव्या-निळ्या चौकड्याची, म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या विणीची.

कुळाकुळाचा वेगळा चौकडा ही पुष्कळशी पुढच्या काळात कापडवाल्यांनी काढलेली टूम आहे, त्यावरून गळे काढणाऱ्यांची डोलिनाला कधीच कणव आली नाही. पण हा एक चौकडा खरा होता. चार्लीविरुद्ध राजाच्या बाजूने लढलेल्या डोंगरी पलटणीचा तो गणवेश, आणि त्याला आजही सरकारी चौकडा म्हणतात. दरीतली माणसं सतराशे पंचेचाळीसच्या त्या सालाला बंड म्हणत नाहीत, चार्लीचं साल म्हणतात. चार्ली होडीत बसून गेला. त्यानंतर त्या चौकड्यातली माणसं दरीत आली, गुरं हाकून नेली आणि घरं पेटवली. मॅकमास्टरांच्या घरात एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती. तिला बाहेर काढायला कोणी आत गेलं नाही. पेटवणारे परके असते तर एक वेळ सोसलं असतं. ते आपलीच गेलिक भाषा बोलत होते. म्हातारीच्या हाका त्यांना शब्द न् शब्द कळत होत्या.

हे डोलिनाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तिने पहिल्याच दिवशी शाल खाली सरकवली आणि म्हणाली, "साहेब, हा सरकारी चौकडा आहे. आमच्यातलं कोणी हा अंगावर घेत नाही."

"पाण्याच्या रंगाला शोभतोय," पेलमसाहेब म्हणाले, आणि नटाकडे बघून हसले. मागे उभ्या असलेल्या स्वयंपाकीणबाई मिसेस गेडिस यांनी हळूच तिला सांगितलं की जास्त शहाणपणा असेल तर उद्यापासून घरीच बसावं. डोलिनाने शाल वर ओढली.

दीड वर्षाने चित्रातली डोलिना दरीत परत आली, बिस्किटांच्या डब्यावर बसून. कुठल्याशा कारखान्याने चित्र विकत घेऊन झाकणावर छापलं होतं. नव्या वर्षाची भेट म्हणून ग्लासगोच्या चुलतभावाने डबा आणला आणि कौतुकाने तिच्या बापापुढे धरला. बाप, आलास्डर, चर्चमधला जुना वडीलधारी माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्याने झाकण खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं.

"तू त्याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं, बाबा."

"मग अंगावर का ठेवलंस?"

 तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्या म्हातारीच्या नावापुढे ठेवण्याजोगं नव्हतं. आलास्डर त्यानंतर नऊ वर्षं जगला. तिच्याशी बोलायचा, मीठ दे, दार लाव, पाऊस येतोय. पण संध्याकाळी बायबल मिटल्यावर तो घरातल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करी, त्यात तिचं नाव त्याने पुन्हा घेतलं नाही. मरेपर्यंत नाही. ती रोज वाट बघायची, आणि रोज तिच्या धाकट्या भावाच्या नावानंतर प्रार्थना सरळ गुरांवर यायची.

दरीत टोपणनाव एकदा चिकटलं की थडग्यापर्यंत सोबत येतं. ती झाली डब्यावरची डोलिना. दुकानात शिरली की कोणीतरी म्हणायचंच, झाकण लावा रे, बिस्किटं सादळतील. फार्कर मॅकफी या जंगलखात्यातल्या माणसाने तिला मागणी घातली तेव्हा आधी एवढंच सांगितलं की माझ्या घरात तो डबा नाही. तिने तेवढ्यावर हो म्हटलं, आणि तिला कधी पस्तावा झाला नाही. एकतीस वर्षं शाळेत पोरांना जेवण रांधलं, फार्करला पुरलं, आणि जिथे पाहुणी गेली तिथे फडताळावर स्वतःला बघितलं. "लोक बिस्किटं खातात," ती म्हणायची, "आणि मग माझ्या पोटात बटणं, खिळे नि मेलेल्या नवऱ्याचा चष्मा ठेवतात."

एकोणीसशे पंचाण्णवमध्ये चार्लीच्या सालाला अडीचशे वर्षं झाली, आणि गावच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मूळ चित्र लंडनहून उसनं येणार होतं. हॉलची चिटणीस इशबेल, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, ही बातमी घेऊन आली. तिच्यासोबत एडिनबरोहून आलेले हॅडो नावाचे प्रदर्शनाचे अधिकारी होते, मऊ आवाजाचे, मऊ बुटांचे. त्यांना वाटत होतं की उद्घाटनाला डोलिनाबाईंनी चित्राशेजारी खुर्चीत बसावं, तशीच शाल घेऊन. फोटो छान येईल. शालीची सोय ते करणार होते.

इशबेलने डोळे मिटून घेतले.

डोलिना शांतपणे म्हणाली की शालीचं नंतर बघू, आधी चित्राखालची पाटी दाखवा. हॅडोंनी कागद काढला. पहिल्या तीन ओळींत चित्रकार, साल, मालक. पुढे दोन ओळी: मॉडेल डोलिना मॅकमास्टर, स्थानिक मुलगी. शाल सरकारी पलटणीच्या चौकड्याची असावी, अशी स्थानिक समजूत आहे.

"समजूत?" डोलिनाने चष्मा काढला. "समजूत भुताखेतांची असते, हॅडो. ती शाल माझ्या डोक्यावर होती. तिला उंदरांचा वास येत होता. हीसुद्धा समजूत का?"

हॅडो म्हणाले की पुराव्याशिवाय ठाम लिहिता येत नाही. डोलिना म्हणाली की पुरावा समोर बसलाय, चहा पाजतोय. अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, असंही ते म्हणाले. त्यावर तिने विचारलं की त्यातले किती अभ्यासक त्या पाण्यात गुडघे टेकून बसले होते. मग तिने शाळेच्या भटारखान्यातल्या आवाजात त्यांना सगळं सांगितलं, म्हातारी, भाषा, कांदा, बाप, गुरांच्या आधी गाळलेलं नाव. इशबेलने यातलं निम्मं कधी ऐकलं नव्हतं. हॅडोंचा चहा गार झाला.

शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, समजूत हा शब्द काढून टाकतो. तुमचा शब्द हाच पुरावा, मी जबाबदारी घेतो. काय लिहू?

"लिहा. शाल बंड मोडणाऱ्या सरकारी पलटणीच्या चौकड्याची आहे." बंड हा शब्द तिने शेण ओलांडावं तसा ओलांडला. "मुलीने हे सांगितले. चित्रकाराने ऐकले नाही."

हॅडो लिहिता लिहिता थांबले. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. "आणि तरीही तुम्ही ती घेतलीत?"

डोलिनाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. 

"घेतली. तेही लिहा."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: तरी तिला ती पांघरावी लागली.

"लागली नाही," डोलिना म्हणाली. "बंदूक रोखली नव्हती कोणी. नोकरी जाईल म्हणून पांघरली. खोडा ते. लिहा, आणि तिने ती पांघरली."

आता अडचण जागेची झाली. पाटी पाचच ओळींची, ही मालकांची अट. या मजकुराने शेवटच्या दोन्ही ओळी खाल्ल्या. हॅडोंनी अवघडून सांगितलं की एक तर हे बसेल, नाहीतर नाव. इशबेल पुढे सरकली. "आत्या, अगं साठ वर्षं तुझं नाव कुठे नाही. आता कुठे येतंय. शाल राहू दे की."

"माझं नाव नसल्याने कोणाचं घर जळलं नाही," डोलिना म्हणाली. हॅडोंच्या हातातली पेन्सिल तिने काढून घेतली आणि स्वतःच्या नावावर दोनदा रेघ ओढली. इतक्या जोरात की कागद फाटला आणि त्यांना दुसरा घ्यावा लागला.

हॅडोंनी शब्द पाळला. पाटी ठरल्याप्रमाणे लागली. उद्घाटनाला डोलिना गेली नाही, घरी माशांचं कालवण करत बसली. दुसऱ्या दिवशी काठी टेकत हॉलमध्ये आली, पाटी अक्षर न् अक्षर तपासली आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढून बसली. जाड मोजे, बूट, डोक्याला रुमाल. लोक येत, चित्राकडे बघून किती गोड म्हणत आणि पुढे सरकत. जो पाटी न वाचता सरके त्याच्यापुढे काठी आडवी येई.

"वाचा."

वाचायचे बिचारे. काही जण दोनदा वाचायचे. ही कोण होती असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, होती एक स्वयंपाकघरातली. इशबेल दारापाशी तिकिटं फाडत ओठ चावून बसायची. तिला तोंड उघडायची सक्त मनाई होती.

तिसऱ्या आठवड्यात कॅनडाहून आलेला एक धिप्पाड गृहस्थ चित्रासमोर उभा राहिला. त्याने आपणहून पाटी वाचली, म्हणून डोलिनाने काठी हलवली नाही. मग तो मोठ्या आनंदाने तिच्याकडे वळला. आपण मॅकमास्टर, आपले पूर्वज याच दरीतले, आणि आज पहिल्यांदाच आपण इथे पाय ठेवतोय. त्याने हात पुढे केला. त्याच्या गळ्यात खास प्रवासासाठी विमानतळावर घेतलेला नवाकोरा टाय होता, हिरव्या-निळ्या चौकड्याचा.

डोलिनाने हात मिळवला नाही.

"काय वाचलंस आत्ता?"

तो हसला. मग पाटीकडे बघितलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि कानापर्यंत लाल झाला. मला माहीत नव्हतं, रंग आवडला म्हणून घेतला, असं काहीबाही तो बोलू लागला.

"बाळ," डोलिना म्हणाली, "आधी तो काढ. मग सांगते तुझं घर कुठे होतं."

त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, गाठ सोडवायला घेतली.