काठोकाठ भरलेली बॅटरी

बबन रामटेके मूळचे भंडाऱ्याचे. लखनौला सरोजिनी नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांची सव्वीस वर्षं गेली. मुलगी प्राची तिथेच शिकत होती, आणि २०१८ साली तिच्या टीमने शर्यतीसाठी विजेवर पळणारी गाडी बांधली.

गाडीच्या जोडकामात मदत करणाऱ्या बबनरावांना मोठ्या ब्रेक डिस्क आणि दणकट चाकं हवी होती.

"बाबा, ये आपका स्कूटर नहीं है," प्राची हसली. "ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडीला रोखते, वीज बॅटरीत परत जाते. ब्रेक छोटे चलेंगे. चाकं हलकी घेऊ."

पोरगी शिकलेली. त्यांनी ऐकलं.

चाचणी बघायला प्राचार्य येणार होते. गाडी पास झाली तरच टीम स्पर्धेला जाणार होती. पोरांना काही कमी पडू नये म्हणून बबनरावांनी सकाळी बॅटरी काठोकाठ भरली. ऐंशी टक्क्यांवर थांबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

प्राची भरधाव आली आणि तिने पाय उचलला. भरल्या बॅटरीत परतणाऱ्या विजेला जागाच नव्हती, त्यामुळे मोटरने गाडी रोखली नाही. एकटे छोटे ब्रेक पुरे पडले नाहीत. गाडी टायरांच्या भिंतीवर आदळली. प्राचीला नुसतं खरचटलं, पण पुढची दोन्ही चाकं फुटली.

"बंद कीजिए ये सब," म्हणत प्राचार्य निघून गेले.

"बाबा, बॅटरी फुल क्यों की?" प्राचीने मीटर बघून विचारलं.

बबनरावांनी खिशातून पाना काढला. ते खाली बसून फुटक्या चाकाचे नट सोडवू लागले. त्या जागी दुसरं चाक आता लागणार नव्हतं.