नोटिशीत आईचं नाव

इथे हिंदी मुलखात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराखालचं दुकान मी वर्ध्याकडच्या एका माणसाला भाड्याने दिलं होतं. साडीचे फॉल, अस्तर आणि मॅचिंग ब्लाउजपीस, एवढंच विकायचं असं करारात होतं. दुकानात काही पेटवायचं नाही, हेही मी मुद्दाम लिहून घेतलं होतं, कारण वरच्या खोलीत आई असते आणि तिला दमा आहे. त्याने सही केली, आमच्याकडे चहा घेतला, आणि सहा महिन्यांत अर्धं दुकान मेहुण्याला देऊन तिथे कचोरीची भट्टी लावली.

मी तापट माणूस. ऑफिसातून आलो की जिन्यातच जळक्या तेलाचा वास यायचा आणि माझं डोकं फिरायचं. तो मात्र कधीच चिडला नाही. "हव भैया, या हप्त्यात हटवतो," म्हणायचा. तीनदा हटवली, तीनदा परत लावली. शेवटी मी बोलणं सोडलं आणि वकील गाठला.

आईचा मात्र त्याच्यावर जीव. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो वर यायचा. "मावशी, आज काय केलं?" एवढ्यावरून दोघांच्या तासभर गप्पा चालायच्या, भाजीपासून गावाकडच्या तुरीपर्यंत. मला वाटायचं, म्हातारीला मस्का लावतोय. आमच्याकडे मुलीच्या शाळेसाठी म्हणून आम्ही नवरा-बायको हिंदी बोलायला लागलो, ते तसंच राहिलं, आईशीसुद्धा. मुलीला आजीचं सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते.

वकिलाने विचारलं, भट्टीचा त्रास कुणाला? मी म्हटलं, आईला. त्याने नोटिशीत तिचं नाव, वय आणि आजार अगदी ठसठशीत लिहिला.

नोटीस मिळाली तसा तो ती घेऊन थेट आईकडे आला. मी सुट्टी घेऊन शेजारच्या खोलीत होतो. आईला ते कचेरीचं हिंदी समजेना, तेव्हा त्यानेच एकेक ओळ मराठीत करून सांगितली. स्वतःविरुद्धची नोटीस, पण एक शब्द गाळला नाही. माणूस लबाड होता, हे मी आजही म्हणतो. पण त्या दुपारी नव्हता.

"तुमाले धुराचा तरास होते म्हनून दुकान खाली करा म्हन्ते, मावशी. तुमी मले काहून नाही सांगितलं?"

आईने नोटिशीची घडी करून त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर तिने मला हाक मारली.

"माझं नाव काहून टाकलं त्याच्यात?"

"दिनभर खाँसती हो, और क्या लिखता?"

"खोकून राहिली तं मी खोकून राहिली ना. तो जाईन तं मी कोनासंग बोलू?"

"हम लोग हैं न घर में," मी म्हणालो.

खटला वर्षानुवर्षं चालेल, असं वकिलाने बजावलं होतं. पण भाडेकरूने महिन्याभरातच दुकान रिकामं केलं आणि किल्ली माझ्या हातात न देता आईच्या उशाशी ठेवली. नंतर तिची खोली झाडताना खिडकीच्या फटीत जुन्या पातळाच्या चिंध्या कोंबलेल्या सापडल्या. धूर आत येऊ नये म्हणून, आणि खोकला वाढून मी त्याला हाकलू नये म्हणून. मला स्वतःची लाज वाटली. कराराचं प्रत्येक कलम मला तोंडपाठ होतं आणि या चिंध्या दिसल्या नव्हत्या.

आता आईला धाप लागत नाही. दुपारी तिची खोली शांत असते. मागच्या रविवारी मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून त्याचंच वाक्य उसनं घेतलं.

"आई, आज काय केलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"कुछ नहीं बेटा," ती म्हणाली, "खाना खाया, लेट गई."