खिडकीखालचा कोमट पत्रा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कार्डिफमध्ये मी बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअर आहे. इमारतीतून उष्णता कुठून निसटते ते शोधायचं, हेच माझं काम. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

आई गेल्यावर बाबा ग्लासगोहून माझ्याकडे आले. उभी हयात स्कॉटलंडच्या थंडीत डॉक्टरकी केलेला माणूस, पण इथे आल्यापासून हीटिंग चालू असतानाही स्वेटर आणि वर शाल. फारसं बोलायचे नाहीत. बोललेच तर, "परत जातो गं मी." त्या रिकाम्या घरात त्यांना एकटं पाठवणं माझ्या जिवावर यायचं.

त्यांचं मन रमावं म्हणून मी ब्रेकनजवळच्या जोन नावाच्या एका आजींकडून साठच्या दशकातली कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेतली. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर उभी करून आतलं प्लायवूड काढलं, ऊब धरण्यासाठी भिंतींत भरलेली, आता ओलसर झालेली ग्लासवुल पिशव्यांत भरली. उरला लाकडी सांगाडा आणि बाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.

आता भिंतीत भरायचं काय? फोम बोर्ड पातळ असूनही ऊब छान धरतो, पण जुन्या वाकड्यातिकड्या सांगाड्यात फटी राहतात आणि तिथे ओल धरते. मेंढीची लोकर कोपऱ्यात नीट बसते, ओल शोषून परत सोडते, पण जाडी जास्त लागते. फेब्रुवारीतल्या एका ढगाळ दुपारी मी बाबांना हे समजावत होते... वळून बघते तर त्यांनी शाल काढलेली. स्वेटरही! मागच्या खिडकीखाली, उघड्या पत्र्याला पाठ टेकून बसलेले.

"बाबा, अहो गारठाल!"

"इथे ऊब आहे. हात लाव."

लावला. जिच्यावरून कुणी नुकतंच उठून गेलंय अशा खुर्चीसारखा कोमट. शेजारचा पत्रा मात्र बर्फ!

मी ऑफिसातून थर्मल कॅमेरा आणला. चकचकीत पत्रा कॅमेऱ्याला फसवतो, म्हणून आधी सगळीकडे मास्किंग टेप चिकटवली. स्क्रीनवर सगळी भिंत निळी, म्हणजे गार, आणि तेवढाच एक कप्पा पिवळा. वायरिंग आम्हीच उपटून टाकलं होतं. ती बाजू उत्तरेकडे, म्हणजे उन्हाचाही प्रश्न नाही. कॅरॅव्हॅन फिरवून उभी केली — तरी तेच.

"हिला ताप आलाय," बाबा म्हणाले आणि चक्क हसले. "आतलं लाकूड कुजत असेल. ओल्या गवताची गंजी तापते ना, तसं." स्क्रूड्रायव्हरने त्यांनी स्वतः लाकूड टोचून पाहिलं. ठणठणीत कोरडं.

शेवटी तेवढा पत्रा कापून नवा बसवला. सकाळी पाहिलं तर नवाही कोमट! कापलेला तुकडा बाकावर गार पडलेला.

"सगळीकडे लोकर भर," बाबा म्हणाले. "हा कप्पा मोकळा ठेव."

"तिथे दव धरेल, बाबा. लाकूड खराब होईल."

"धरलं तर भर मग."

न राहवून मी जोनला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अजून गरम असतो तो? आम्ही घेतली तेव्हाही होता. तुला वेडगळ वाटेल म्हणून बोलले नाही. आमचं मांजर तिथून हलायचं नाही."

"पण कशामुळे?"

"माझा नवरा शेवटपर्यंत शोधत होता, डिअर."

बाकी सगळीकडे लोकर भरली, तो कप्पा मोकळाच ठेवला. पुढचा अख्खा हिवाळा गेला. त्या कप्प्यात दवाचा एक थेंब नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी येऊन बघितलं, डोकं खाजवत निघून गेले. बाबा मात्र दुपारी तिथे बसून माझ्याशी तावातावाने वाद घालतात, रोज नवी थिअरी काढतात.

परवा मी भीत भीत विचारलं, "ग्लासगोचं तिकीट बघू का?"

"हे काय आहे ते कळेपर्यंत कसं जाऊ?" ते म्हणाले.

मला अजून काही उलगडलेलं नाही. आणि खरं सांगू? मी हल्ली फारसं शोधतही नाही.